अमेरिकन केबलवरच्या बातम्या आणि घरातलं बोलणं: हे पहिल्यापासून असंच होतं का?

मृदुला_ग

अमेरिकेत बरीच वर्षं काढलेल्या मंडळींना विचारायचं आहे. केबलवरच्या राजकीय बातम्या आज जशा आहेत, तशाच पहिल्यापासून होत्या का? नसतील, तर नेमकं काय आणि कधी बदललं?

विचारण्याचं कारण घरातलं आहे. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आई गेल्यावर आमच्याकडे न्यू जर्सीला आले, आता इथले नागरिकही झालेत. नाशिकला असताना ते दोन वर्तमानपत्रं घ्यायचे, मुद्दाम दोन वेगळ्या विचारांची. अग्रलेख वाचून झाले की शेजारच्या काकांशी वाद. ते काका कट्टर दुसऱ्या पक्षाचे. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन तेच यायचे, आणि डबा उघडता उघडता पुन्हा वाद सुरू व्हायचा.

इथे दिवसभर आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. बाबांना सोबत टीव्हीची. एकच वाहिनी सकाळी लागते ती रात्रीच्या जेवणापर्यंत. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. माझ्या नणंदेचे यजमान दुसऱ्या बाजूच्या वाहिनीचे तितकेच पक्के.

दिवाळीच्या फराळाला दोघं समोरासमोर आले आणि विषय निघाला दक्षिणेच्या सीमेचा. मी आतून चहा घेऊन येईपर्यंत आवाज चढले होते. पण मला धक्का बसला तो आवाजाचा नाही. बाबा एका राज्यातल्या घटनेबद्दल सांगत होते, भाऊजी दुसऱ्याच राज्यातल्या, आणि समोरचा म्हणतोय ती घटना दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. "हे तुम्ही कुठे ऐकलंत?" एवढंच एकमेकांना विचारत होते, आणि विचारण्याचा सूर "तुम्ही खोटं बोलताय" असा. भाऊजी बशी तशीच ठेवून उठले. तेव्हापासून नणंद फोन करते, पण त्यांचं येणं थांबलंय.

बाबांचं मत बदलावं असं मला अजिबात वाटत नाही. माझा जीव तुटतो तो याने की ज्या माणसाला वाद घालण्यात आनंद होता, तो आता विरोधी मत कानावर पडलं तरी दुखावला जातो.

मंडळाच्या एका कार्यक्रमात ऐकलं की पूर्वी इथे दोन्ही बाजू दाखवण्याचा कायदा होता, राष्ट्राध्यक्ष रेगनने तो काढला आणि तिथून सगळं बिघडलं. हे खरं आहे का? आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत? "टीव्ही बंद करा" एवढं मात्र सांगू नका. दिवसभर एकट्या असलेल्या माणसाचा टीव्ही काढून घेणं मला जमणार नाही.

एडिसनकर

मृदुला, मी इथे १९८१ साली आलो. पुढची बहुतेक नोकरी एका केबल कंपनीच्या हिशेब खात्यात झाली. वाहिन्यांबरोबरचे करार आणि त्यांची देणी माझ्या टेबलावरून जायची. या विषयावर बोलणारे बहुतेक लोक अँकरबद्दल बोलतात, मला करारांबद्दल बोलावंसं वाटतं. जरा लांबेल, वाचून घे.

आधी कायद्याचं. त्याला फेअरनेस डॉक्ट्रिन म्हणत. संसदेचा कायदा नव्हता, एफसीसी या नियामक आयोगाचं १९४९ पासूनचं धोरण होतं. रेडिओ-टीव्हीच्या लहरी मोजक्या आहेत आणि त्या जनतेच्या आहेत, म्हणून ज्याला परवाना मिळाला त्याने वादाच्या सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्यायचा आणि विरोधी मतालाही जागा करून द्यायची. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. १९८७ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याचा रीतसर कायदा करायचं विधेयक मंजूर केलं, रेगनने त्यावर नकाराधिकार वापरला आणि ऑगस्टमध्ये एफसीसीने धोरणच सोडून दिलं. म्हणजे तू ऐकलंस त्यात तथ्य आहे. त्याचा पहिला परिणाम दिसला रेडिओवर: पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, उजव्या विचारांच्या रश लिंबॉचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि एएम रेडिओ पाहता पाहता एका बाजूचा झाला. पण केबलचं खापर या निर्णयावर फोडता येत नाही. "लहरी मोजक्या आहेत" हा त्या धोरणाचा पाया, आणि केबलच्या तारेतून शेकडो वाहिन्या जातात. ते धोरण आज असतं तरी केबलवर कोर्टात टिकलं असतं असं मला वाटत नाही.

मग बदललं काय? माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते सांगतो. विरोधक स्टुडिओतून नाहीसा झाला.

मी आलो तेव्हा पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर विल्यम बकलीचं 'फायरिंग लाइन' लागायचं. माणूस पक्का उजवा. खुर्चीत जवळजवळ आडवा पडलेला, मांडीवर कागदांचा क्लिपबोर्ड, हातात पेन, आणि समोर बहुतेक वेळा असा पाहुणा की ज्याचं म्हणणं त्याला मुळीच पटत नाही. पाहुण्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचा आणि मग त्याच वाक्यातला कच्चा दुवा पकडायचा. १९७८ साली पनामा कालव्याच्या करारावर बकली आणि रेगन यांची जाहीर वादसभा याच कार्यक्रमात झाली. दोघं जिवलग मित्र, दोघं एकाच विचाराचे, आणि कालवा पनामाला द्यावा की नाही यावर उभे विरुद्ध. बकली म्हणे द्यावा, रेगन म्हणे देऊ नये. दोन वर्षांनी रेगन निवडून आले, तेव्हा बकली त्यांच्या बाजूनेच उभा होता. माझं इंग्रजी तेव्हा कामापुरतं होतं, अर्धे शब्द कळत नसत, तरी मी बघत बसायचो, कारण आमच्या गावच्या वाचनालयातल्या वादसभेचा तो थाट होता.

बकली म्हणजे संत नव्हे हेही सांगायला हवं. १९६८ च्या पक्ष-अधिवेशनांच्या वेळी एबीसी या नेटवर्ककडे बाकी दोन नेटवर्कांइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी बकली आणि डाव्या विचारांचा लेखक गोर व्हिडाल यांना रोज रात्री समोरासमोर बसवलं. शिकागोत एका रात्री दोघं शिवीगाळीवर उतरले आणि बकलीने थोबाड फोडायची भाषा केली. स्वस्तात प्रेक्षक मिळतात ते असे, हे त्या वेळी टीव्हीवाल्यांच्या लक्षात आलं.

मग १९८२ मध्ये सीएनएनचं 'क्रॉसफायर' आलं. डाव्यांकडून एक, उजव्यांकडून एक, अर्धा तास जुगलबंदी. वर्षागणिक आरडाओरडा वाढत गेला. ऑक्टोबर २००४ मध्ये विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जॉन स्टुअर्टने त्याच कार्यक्रमात बसून, निवेदक टकर कार्लसन आणि पॉल बेगाला यांच्या तोंडावर, तुम्ही देशाचं नुकसान करताय असं सांगितलं. तीन महिन्यांत सीएनएनने कार्यक्रम बंद करायचं जाहीर केलं, स्टुअर्टचं म्हणणं आपल्याला पटतं असंही त्यांच्या प्रमुखाने सांगितलं. ती चित्रफीत आजही लोक एकमेकांना पाठवतात, मोठा विजय म्हणून. मला तो विजय वाटत नाही. 'क्रॉसफायर' वाईट होतं हे कबूल, पण त्यात समोर एक खुर्ची होती आणि तिच्यावर बसणाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. त्यानंतर जे आलं त्यात खुर्चीच नाही. फॉक्स न्यूज या वाहिनीवर १९९६ पासून 'हॅनिटी अँड कोम्स' होतं. उजवा हॅनिटी, उदारमतवादी ॲलन कोम्स. कोम्स दुबळा पडतो अशी टीका व्हायची, ती बरोबरही होती. पण जानेवारी २००९ मध्ये तो गेला आणि तोच तास 'हॅनिटी' झाला. साधारण त्याच वर्षांत एमएसएनबीसी या वाहिनीची संध्याकाळ दुसऱ्या, म्हणजे डाव्या बाजूने भरली. आता दोन्हीकडे विरोधक दिसतो तो बारा सेकंदांच्या चित्रफितीत, ज्याला उत्तर देताच येत नाही असा.

आता करार. तुझ्या केबलच्या बिलात प्रत्येक वाहिनीचा दरमहा वाटा असतो. तू ती बघ किंवा बघू नको, वाटा जातोच. खेळांच्या वाहिन्या सर्वांत महाग, आणि बातम्यांत फॉक्स सर्वांत वर. जाहिरातीपेक्षा हा पैसा भरवशाचा. दर काही वर्षांनी करार संपतो, वाहिनी दर वाढवून मागते, केबल कंपनी नाही म्हणते, मग पडद्याच्या खाली पट्टी धावते: "ही वाहिनी तुमच्याकडून काढून घेतली जाणार आहे, अमुक नंबरला फोन करा." त्या आठवड्यात आमच्या कॉल सेंटरला किती जण फोन करून "कनेक्शन तोडतो" म्हणतात, त्यावर दर ठरायचा. ज्या वाहिनीला दोन कोटी लोक अधूनमधून बघतात तिच्यासाठी कोणी फोन करत नाही. जिला वीस लाख लोक जीव टाकून बघतात तिच्यासाठी फोन थांबत नाहीत. एकदा हे गणित बसलं की सगळ्यांना चालेल अशी बातमी देण्यात पैसा उरत नाही. त्या वीस लाखांचा जीव वाहिनीत गुंतून राहायला हवा, आणि विरोधकाला समोर बसवून त्याचा एखादा मुद्दा बिनतोड ठरला तर तो जीव दुखतो.

हे माझं अनुमान म्हणून सोडून देऊ नकोस, कोर्टाच्या कागदांत आलंय. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री फॉक्सच्या निकाल-विश्लेषकांनी ॲरिझोना राज्य बायडेनने जिंकलं असं जाहीर केलं, इतरांच्या आधी, आणि ते बरोबर निघालं. प्रेक्षक खवळले, काही न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळू लागले. यंत्रांत गैरप्रकार करून निकाल फिरवला असे आरोप फॉक्सवर झाले म्हणून मतमोजणी यंत्रांच्या डोमिनियन कंपनीने पुढे डेलावेअरच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला, त्यात फॉक्सच्या लोकांचे आपसातले संदेश बाहेर आले: गैरप्रकाराचे आरोप खरे वाटत नसतानाही प्रेक्षक हातचे जातील याची धास्ती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आणि दुसरी बाजूही बघ. मार्च २०२४ मध्ये एनबीसीने रिपब्लिकन पक्षाच्या माजी अध्यक्षा रॉना मॅकडॅनियल यांना विश्लेषक म्हणून घेतलं. २०२० च्या निकालाबद्दलची त्यांची भूमिका आक्षेपार्ह होती हे खरं. एमएसएनबीसीच्या निवेदकांनी पडद्यावरून उघड विरोध केला आणि चारच दिवसांत त्यांना काढून टाकलं. सीएनएनने २०२२ मध्ये मध्यावर यायचा प्रयत्न केला, तो आणणारा प्रमुख वर्षभरात घरी गेला. तिन्ही ठिकाणी वाहिनीला ओढून नेणारा तिचा स्वतःचा प्रेक्षक किंवा स्वतःची माणसं होती.

तुझे बाबा वाद विसरले असं तू म्हणतेस. मला वाटतं त्यांना दिवसभरात वाद दिसतच नाही. दिसते ती एकाच बाजूची सभा.

स्नेहल_डॅलस

आमच्याकडे गणपतीत आणि गटगला (गेट-टुगेदरला) राजकारण बोलायचं नाही असा नियमच केलाय. तेव्हापासून शांतता आहे. ताई, सरळ असा नियम करून टाका.

चिन्मय

एडिसनकर काका, प्रतिसाद फार आवडला. पण थोडा विरोध नोंदवतो. मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे आकड्यांच्या बाजूने.

पहिलं म्हणजे, केबल बातम्यांचा प्रेक्षक आपण समजतो तितका मोठा नाही. सर्वांत यशस्वी वाहिनीलाही रात्रीच्या मुख्य वेळेत साधारण वीस-तीस लाख लोक असतात, आणि त्यांतले बहुतेक ज्येष्ठ नागरिक. २०२० मध्ये मतदान केलं १५ कोटींहून जास्त लोकांनी. सगळ्या कडवटपणाचं मूळ टीव्हीत शोधलं तर फोनवर काय चाललंय ते सुटतं.

तरी परिणाम शून्य नाही. फॉक्स सुरू झालं तेव्हा वाहिन्यांना केबलवाले पैसे देत. फॉक्सचा मालक मर्डॉकने उलटं केलं, वाहिनी घ्यावी म्हणून केबलवाल्यांनाच प्रतिग्राहक १० डॉलरपर्यंत दिले. तरी ती सगळ्या गावांत एकदम पोचली नाही. कुठल्या गावात आली हे तिथल्या केबल कंपनीवर होतं. यामुळे एक प्रयोग आपोआप घडला. डेलाविन्या आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी फॉक्स आलेली आणि न आलेली गावं ताडून पाहिली. १९९६ ते २००० दरम्यान फॉक्स आलेल्या गावांत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के-बिंदूंनी जास्त वाढलेली निघाली. दिसायला कमी, पण २००० ची निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर लागली.

मृदुला, तुमच्या फराळाच्या प्रसंगाला जवळचा अभ्यास दुसरा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रूकमन आणि कला या राज्यशास्त्रज्ञांनी फॉक्सच्या नियमित प्रेक्षकांपैकी काहींना सीएनएन बघण्याचे पैसे दिले. तासाला १५ डॉलर, आठवड्याला सात तासांपर्यंत, महिनाभर, आणि खरंच बघतात ना याच्या प्रश्नोत्तऱ्या. महिन्याच्या शेवटी कोणी पक्ष बदलला नाही. पण काय घडलंय याची त्यांची माहिती बदलली. साथीबद्दल, टपालाने मतदानाबद्दल त्यांना नवीन गोष्टी कळल्या, आणि आपल्या वाहिनीवर काही गोष्टी सांगितल्याच जात नाहीत असं त्यांच्यातल्या काहींना वाटू लागलं. पैसे थांबले, ते परत आपल्या वाहिनीवर गेले, परिणाम बराचसा विरून गेला.

तुमचे बाबा आणि भाऊजी एकमेकांना जे विचारत होते, "हे कुठे ऐकलंत", ते अगदी हेच आहे. दोघांकडे मतं वेगळी आहेतच, पण त्याआधी दोघांकडे बातम्याच वेगळ्या आहेत. काय सांगितलं यापेक्षा काय वगळलं याने जास्त अंतर पडतं.

आणि हे आजारपण केबलपेक्षा खोल आहे असं मला का वाटतं तेही लिहितो. आपल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं १९६० मध्ये एका पाहणीत विचारलं होतं. दोन्ही पक्षांत जेमतेम पाच टक्के लोक हो म्हणाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत तिसरा हिस्सा हो म्हणाले. आपल्या समाजात स्थळ बघताना जे चालतं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

सातारी_माणूस

मी इकडचा, पण राहवत नाही म्हणून लिहितो. काका म्हणतात विरोधक स्टुडिओतून गेला. आमच्याकडे मराठी वाहिन्यांवर तो रोज रात्री बसलेला असतो. आठ चौकटींत आठ जण. पण बोलणं होत नाही ते नाहीच.

मी ऊस संशोधनात काम केलं. एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराच्या प्रश्नावर एकदा मला चर्चेला घेतलं. घरच्या खोलीत लॅपटॉपपुढे कोट घालून बसलो, कानात यंत्र. दोन प्रवक्ते आणि एक संघटनेचे नेते एकमेकांवर तुटून पडले होते. उतारा, म्हणजे उसातून किती साखर निघते ते, कसा मोजतात आणि त्यावरून दर कसा बसतो, हे मला सांगायचं होतं, तीन मिनिटांचं काम. "उतारा म्हणजे" इथपर्यंत आलो आणि निवेदकाने "सर, एका वाक्यात सांगा, शेतकऱ्याला फसवलं की नाही?" असं विचारलं. मी म्हणालो, हो-नाहीत उत्तर देता येणार नाही. माझा आवाज बंद केला गेला. चेहरा मात्र शेवटपर्यंत चौकटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी गावात लोक म्हणाले, काल टीव्हीवर दिसलात. काय बोललात हे कोणी विचारलं नाही.

माझा संताप त्या निवेदकावर कमी आणि त्या तासाच्या रचनेवर जास्त आहे. ज्याला माहिती आहे त्याला तिथे जागाच ठेवलेली नसते.

मृदुला_ग

सगळ्यांचे मनापासून आभार. चिन्मय, तो महिनाभराचा प्रयोग वाचून मी बराच वेळ थांबले, कारण घरात तेच घडतंय.

स्नेहल, तुमचा नियम आमच्याकडेही कोणीतरी सुचवला होता. मला मात्र भीती वाटते की बाबांना आधीच बोलायला माणसं कमी, त्यात आवडीचा विषय काढून घेतला तर ते गप्पच होतील.

काका, मग करायचं काय? दुसऱ्या बाजूची वाहिनी लावून दिली तर ते उठून खोलीत जातात.

एडिसनकर

सातारीदादा, तुमच्या अनुभवात एक फरक आहे. भारतातल्या बहुतेक बातम्यांच्या वाहिन्या जगतात जाहिरातीवर, ग्राहकाच्या वर्गणीचा वाटा कमी. म्हणून रिमोट फिरवत जाणाऱ्या माणसाला क्षणभर थांबवायला गोंगाट लागतो, आणि गोंगाटाला आठ माणसं लागतात. इथे वर्गणीवर भर, म्हणून एकनिष्ठ प्रेक्षक लागतो, आणि त्याला गोंजारायला एकच माणूस पुरतो. आजार दोन आहेत, पण माहीतगार माणूस दोन्हीकडे बाहेरच राहतो. उताऱ्याचं ते तीन मिनिटांचं इथे लिहाल का, वेगळा धागा काढून? मी वाचेन.

चिन्मय, पाहणी माहीत नव्हती. २०१० म्हणजे फोन सगळ्यांच्या हातात येण्याआधीची. त्यामुळे फोनवर सगळं ढकलता येत नाही हे तुमच्याच आकड्यांतून निघतं. टीव्हीला तुम्ही मोकळं सोडू नका.

स्नेहल, राग मानू नका, पण बंदी मला पटत नाही. आपली मुलं त्या गटगमध्ये वाढतात. मतभेद असलेली दोन मोठी माणसं न भांडता बोलताना त्यांनी तिथे नाही पाहिली तर कुठे पाहायची?

मृदुला, विरोधी वाहिनी लावू नकोस. ती बाबांना शिक्षा वाटेल, आणि तिच्यावरही विरोधक नसतोच. त्यापेक्षा दोन गोष्टी सुचवतो.

सकाळी सी-स्पॅनवर 'वॉशिंग्टन जर्नल' लाव. ही वाहिनी केबल कंपन्यांनीच १९७९ मध्ये उभी केली. जाहिराती नाहीत, दर ग्राहकामागे काही सेंट एवढ्यावर चालते. आमच्या धंद्याने केलेलं सर्वांत चांगलं काम मी त्यालाच मानतो. या कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन घेतात आणि डेमोक्रॅट, रिपब्लिकन, अपक्ष यांच्यासाठी वेगवेगळे नंबर असतात. निवेदक स्वतःचं मत देत नाही. एकाने तीस दिवसांत एकदाच फोन करायचा. ओहायोतला ट्रकवाला, मग ॲरिझोनातल्या निवृत्त शिक्षिका, मग अलाबामातला कोणी, असे एकामागून एक बोलतात. काही जण चुकीचं बोलतात, काही रागावतात, पण प्रत्येक जण स्वतःबद्दल बोलतो. बाबांना समोरच्या बाजूची माणसं ऐकायला मिळतील, त्यांच्याबद्दलची टीका नव्हे. पहिले काही दिवस त्यांना ते मंद वाटेल. तू शेजारी बसून चहा घे. त्यांच्या मतावर काही बोलू नकोस, फक्त "हा माणूस काय म्हणाला?" एवढं विचार. भाऊजींनाही तोच कार्यक्रम बघायला सांग. दोघांकडे निदान एक बातमी तरी एकच असेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाटबंधारे खात्यातला माणूस तुझ्या घरात आहे आणि तू मध्य जर्सीच्या आसपास असशील, तर सप्टेंबर २०२१ चं आयडा वादळ आठवत असेल. तळघरांत पाणी, रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. तेव्हापासून आपल्याकडच्या टाउनशिपांच्या (इथल्या नगरपालिकांच्या) बैठकांत पाण्याच्या निचऱ्याचा विषय सतत येतो, त्यात शेतजमिनींवर गोदामं उठताहेत त्यांचा वाद. या बैठका न्यू जर्सीत सगळ्यांना खुल्या असतात. १९७५ चा कायदा आहे, ४८ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि नागरिकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. नाव-पत्ता सांगायचा आणि माइकसमोर उभं राहायचं. मी जातो. समोर बसलेल्यांत कोण कुठल्या पक्षाचा हे मला ठाऊक असतं, पण मोरी किती इंचाची टाकायची यावर कुठल्याही वाहिनीने त्यांना काही शिकवलेलं नसतं. त्यामुळे तिथे अजून एकमेकांचं ऐकावं लागतं. कधी आवाज चढतात, शाळा मंडळाच्या बैठकांत तर २०२१ पासून फारच. पण माणूस समोर असतो, आणि उद्या तोच दुकानात भेटणार असतो.

बाबांना इंग्रजीची भीड वाटली तर आधी नुसते ऐकायला घेऊन जा. नकाशा भिंतीवर लागला, उतार कुठे आणि पाणी कुठे जातंय हे त्यांच्या नजरेने हेरलं, की ते बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. लागलं तर मी शेजारी उभा राहून भाषांतर करीन.

भाऊजींचं घर त्याच टाउनशिपमध्ये आहे का? असेल तर त्यांनाही सोबत घे. विषयपत्रिका टाउनशिपच्या संकेतस्थळावर आधी लागते. तीत 'स्टॉर्मवॉटर', म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा, दिसलं की मला इथेच निरोप टाक.